आत्याची काळी चार आणि तीस वर्षांपूर्वीचा वॉकमन

सांगलीहून आत्याने पाठवलेल्या खोक्यात एक कॅसेट होती. तिच्या कागदावर माझ्याच चौदाव्या वर्षीच्या हस्ताक्षरात ‘भूप, मे १९९४, बाजू अ’ असे निळ्या शाईने लिहिलेले आहे. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दीड महिना आत्याकडे गाणे शिकत होते. रोज सकाळी ती पेटीवर काळी चार, म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी, धरायची, मी सा लावायचे आणि मग तासभर भूप रागाचे पाच स्वर सोडून दुसरीकडे जायचे नाही, असा नियम होता. परत गेल्यावर रियाज करता यावा म्हणून शेवटच्या आठवड्यातला एक पाठ तिने घरच्या मोठ्या टेपरेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित केला. मात्र निघण्याच्या घाईत ती कॅसेट तिथेच राहिली आणि पुढे माळ्यावरच्या ट्रंकेत गेली. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात कृष्णेचे पाणी गावभागातल्या तिच्या घराच्या तळमजल्यात शिरले, तेव्हा तो टेपरेकॉर्डर गेला, पुस्तके गेली, गाद्या गेल्या. माळ्यावरच्या कॅसेटी आणि शेजाऱ्यांनी वेळेत वर नेलेली पेटी एवढे वाचले. आत्याला आता सत्याहत्तर पुरी झाली आहेत. तिचा आवाज बसला आहे आणि ती गात नाही. तिच्या गाण्याचे दुसरे कोणतेही ध्वनिमुद्रण आमच्या कुटुंबात कोणाकडे नाही.

ही कॅसेट वाजवायला माझ्याकडे एकच यंत्र होते. दहावीच्या निकालानंतर, १९९६ साली, बाबांनी घेऊन दिलेला वॉकमन. जपानमध्ये १ जुलै १९७९ रोजी विक्रीला आलेल्या सोनी कंपनीच्या पहिल्या वॉकमनला दोघांना ऐकता यावे म्हणून हेडफोनची दोन भोके होती. माझ्या वॉकमनला एकच आहे, आणि तो त्या कंपनीचाही नाही, पण आपल्याकडे कमरेला लावून ऐकायच्या प्रत्येक यंत्राला वॉकमनच म्हणत, तसा मीही म्हणते. सेल घालून बटण दाबले की आत मोटर फिरल्याचा बारीक आवाज येई, पण कॅसेटची चाके जागची हलत नसत. डोंबिवलीतल्या दोन दुरुस्तीवाल्यांनी तो हातात घेऊन परत दिला, कारण या यंत्रांचे सुटे भाग आता ते ठेवत नाहीत. कॅसेटवरचा आवाज संगणकात उतरवून देणारे लोक आहेत हे मला माहीत होते, पण जगात एकच प्रत असलेली वस्तू कुरिअरच्या हवाली करण्याची माझी तयारी नव्हती. म्हणून वॉकमन स्वतःच उघडायचा असे ठरवले. त्याआधी मी आयुष्यात मिक्सरचा प्लग बदलण्यापलीकडे काही दुरुस्त केलेले नव्हते.

सुरुवात सेलच्या कप्प्यापासून झाली. दोन पेन्सिल सेल कधीकाळी आत विसरले गेले होते आणि त्यांच्यातून झिरपलेल्या द्रवाने पत्र्याच्या पट्ट्यांवर पांढरट-हिरवी खपली धरली होती. अल्कलाइन सेलमधून बाहेर येते ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कधर्मी द्रव्य. त्यामुळे त्यावर व्हिनेगर चालते. कानकोरणीच्या कापसावर दोन थेंब घेऊन लावले की खपली फसफसते आणि सुटते. नंतर त्याच जागी आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवून ती कोरडी करायची, नाहीतर व्हिनेगरच उरलेला पत्रा खात राहते. पट्ट्या पुन्हा चकचकीत व्हायला अर्धा तास लागला, आणि त्या अर्ध्या तासात हात स्थिर ठेवून लहान वस्तूकडे पाहण्याची सवय झाली. पुढे तिचा फार उपयोग झाला.

मागचे झाकण पाच स्क्रूंनी बसवलेले होते. जपानी बनावटीच्या वस्तूंतले फुलीचे स्क्रू आपल्या नेहमीच्या फुलीच्या स्क्रू ड्रायव्हरपेक्षा थोडे वेगळे असतात. त्यांच्या खाचेचा आकार निराळा असतो आणि आपला स्क्रू ड्रायव्हर त्यात पुरता न बसता वर घसरतो आणि खाच झिजवतो. हे मला पहिला स्क्रू अर्धा झिजवल्यावर समजले. मग घड्याळजीकडे असतात तसा बारीक टोकाचा संच आणला आणि प्रत्येक स्क्रू जिथून निघाला त्या जागेचे चित्र काढून, कागदावर त्याच जागी चिकटपट्टीने चिकटवून ठेवला, कारण पाचपैकी एक लांब होता आणि तो चुकीच्या जागी गेला असता तर झाकणातून आरपार आला असता.

झाकण उघडल्यावर मोटर का फिरते आणि चाके का फिरत नाहीत, हे एका नजरेत दिसले. मोटरच्या लहानशा पितळी पुलीपासून मोठ्या चाकापर्यंत जो रबरी बेल्ट जायला हवा होता, त्याच्या जागी काळा लगदा होता. तो तुटलेला नव्हता, वितळलेला होता. चिमट्याने टोक धरून ओढले तर काकवीची तार निघावी तशी लांब, चिकट तार निघाली आणि बोटाला लागलेला डाग दोन दिवस गेला नाही. काही प्रकारचे बेल्ट हवेतल्या ओलाव्याने हळूहळू विघटित होऊन असे होतात. मुंबईच्या आसपास पावसाळ्याचे चार महिने कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे एका बंद डब्यात वीस-पंचवीस पावसाळे काढलेल्या बेल्टचे दुसरे काय होणार? हा लगदा पुलीच्या खाचेत, मोठ्या चाकाच्या कडेवर आणि खालच्या प्लास्टिकवर असा तीन ठिकाणी बसला होता. अल्कोहोलने तो विरघळतो, पण विरघळला की पसरतो. त्यामुळे आधी आगकाडीचे टोक तासून जितका कोरडा खरवडता येईल तितका खरवडला, आणि मगच कापूस वापरला. एकट्या मोटरच्या पुलीला पस्तीस-चाळीस कानकोरण्या लागल्या. खाचेत केसाएवढा लगदा राहिला तरी नवा बेल्ट प्रत्येक फेऱ्याला तिथे उडी मारतो आणि ती उडी गाण्यात ऐकू येते, म्हणून मी शेवटी भिंग लावून ती खाच तपासली.

इथे थोडे यंत्राविषयी सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. कॅसेटमधली फीत ओढण्याचे काम तिची चाके करतात असे मला लहानपणापासून वाटत आले होते, पण चाके फक्त पुढे आलेली फीत गुंडाळून घेतात. फीत ओढतो तो कॅप्स्टन नावाचा दोन-अडीच मिलिमीटर जाडीचा पोलादी दांडा. एक रबरी रोलर फितीला या दांड्यावर दाबून धरतो आणि दांडा फिरेल तितकीच फीत हेडसमोरून, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागासमोरून, पुढे सरकते. दांड्याच्या मागच्या टोकाला एक जड चाक असते, फ्लायव्हील. मोटरचे बारीकसारीक धक्के या जड चाकाच्या वजनात मुरून जातात आणि दांडा एकसारखा फिरतो. फिलिप्स कंपनीतल्या लू ऑटन्स यांच्या गटाने १९६३ साली ही कॅसेट जगापुढे आणली, तेव्हापासून तिचा वेग ठरलेला आहे: सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला पंचेचाळीस मिनिटे, म्हणून आत सुमारे १२९ मीटर फीत. वेग सगळीकडे सारखा असल्यामुळेच सांगलीत भरलेली कॅसेट डोंबिवलीत, किंवा बर्लिनमध्येही, त्याच स्वरात वाजायला हवी. वेग वाढला की स्वर चढतो, कमी झाला की उतरतो. आणि वेग जवळपास सहा टक्क्यांनी वाढला की सगळे गाणे पेटीवरच्या शेजारच्या पट्टीत, बरोबर अर्धा स्वर वर जाते.

नवा बेल्ट कुठल्या मापाचा घ्यायचा, हा पहिला प्रश्न होता, कारण जुना मोजायला शिल्लक नव्हता. बेल्ट जिथून जायचा त्या वाटेने शिवणाचा दोरा फिरवला, गाठ जिथे आली तिथे खूण केली आणि दोरा पट्टीवर ताणला: १४२ मिलिमीटर. बेल्ट ताणून बसायला हवा, म्हणून त्यातून पाच टक्के वजा केले. १३५ मिलिमीटर घेर म्हणजे सुमारे ४३ मिलिमीटर व्यास. एवढी माहिती चिठ्ठीवर लिहून मी शनिवारी ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोडला गेले. हा रस्ता मला आवडतो. तिथे एखाद्या दुकानात गिऱ्हाइकाला काय हवे ते सांगता येत नसले तरी दुकानदार हातातल्या वस्तूकडे पाहून ओळखतो. तिसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या काकांनी चिठ्ठी वाचली आणि एवढेच विचारले, “गोल का चौकोनी?” मी पुलीच्या खाचेचा फोनवर काढलेला फोटो दाखवला. त्यांनी चौकोनी बेल्टची मिसळ पिशवी काढली, त्यातून ४३ चा शोधून दिला आणि म्हणाले, “एक मिलिमीटरचा आहे. तुमचा जरा बारीक असेल, पण चालेल.” त्यांच्या त्या ‘चालेल’मध्ये पुढच्या दोन आठवड्यांचे काम दडलेले होते, हे तेव्हा मला कळायला मार्ग नव्हता. मात्र त्यांच्याकडे तो बेल्ट होता आणि त्यांनी तो शोधून दिला, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

बेल्ट बसवताना एक अपघात झाला. फ्लायव्हीलपर्यंत पोचण्यासाठी सर्किट बोर्ड थोडा वर उचलावा लागत होता, आणि तो उचलताना सेलच्या कप्प्याकडून येणारी केसाइतकी बारीक लाल तार तिच्या कथलाच्या डागापाशी तुटली. त्या क्षणी काम तिथेच सोडून द्यावे असे वाटले. पण तुटलेली जागा स्पष्ट दिसत होती, तार कुठे होती हे फोटोत होते, आणि खालच्या मजल्यावरच्या डिप्लोमाला शिकणाऱ्या मुलाकडे सोल्डरिंग आयर्न होते. त्याने मला आधी एका निकामी बोर्डावर वीस डाग द्यायला लावले. तार आधी कथलाने ओली करून घ्यायची, मग बोर्डावरची जागा तापवायची आणि कथील जागेवर वितळवायचे, आयर्नच्या टोकावर नाही, हे त्याने शांतपणे पुन्हा पुन्हा सांगितले. एकविसावा डाग मी वॉकमनवर दिला. तो चकचकीत आणि थोडा शंकूसारखा आला, म्हणजे चांगला बसला. मग कॅप्स्टनच्या बुडाशी शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सुईच्या टोकाने सोडला, एकच, कारण जास्त झालेले तेल फिरून बेल्टवर येते. हेड अल्कोहोलने पुसले. आणि रबरी रोलर ओलसर फडक्याने पुसला, तर फडक्यावर तपकिरी पट्टा उठला. ती कितीतरी कॅसेटींच्या फितीवरून झडलेली आयर्न ऑक्साइडची भुकटी होती.

कॅसेटीचे काम त्या मानाने सोपे होते. फितीच्या गुंडाळीच्या कडेला बुरशीचे पांढरे ठिपके होते, आणि फितीला हेडवर टेकवणारी बुरणुसाची इवलीशी गादी गोंद सुकून सुटली होती. एक कोरी कॅसेट घेतली, तिचे पाच स्क्रू काढून आतली चाके बाहेर ठेवली आणि आत्याच्या कॅसेटची चाके त्या नव्या कवचात बसवली. बुरशी नाकाला फडके बांधून, गच्चीत, मऊ ब्रशने झाडली. मग षटकोनी पेन्सिल चाकात घालून सगळी फीत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला हाताने नेली, वाटेत ती मऊ कापडाच्या दोन पदरांमधून जाईल अशी. याला एक संध्याकाळ गेली.

रात्री दहाच्या सुमारास मी बटण दाबले आणि चाके फिरली. आधी खरखर, मग पेटी, आणि मग आत्याचा आवाज: “हं, सा लाव.” त्यानंतर चौदा वर्षांच्या माझा सा. त्या सा ला आधार देत मागून आत्याचा सा आला, भरदार, सरळ, कुठेही न हलणारा. मी हेडफोन लावून संपूर्ण बाजू ऐकली. मग वॉकमनच्या हेडफोनच्या भोकातून वायर लॅपटॉपला जोडून पाच मिनिटांचा भाग उतरवला आणि आत्याला पाठवला.

सकाळी तिचा फोन आला. आधी ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “आवाज माझाच आहे गं. पण मी पांढरी सहाला कधी गायले नाही.”

मी म्हटले, “पेटी मागे आहेच की, आत्या.”

“पेटी माझी आहे, म्हणून तर म्हणते. माझी पेटी काळी चारला अशी वाजत नाही. तू सगळंच वर नेलं आहेस.”

तिच्या कानाविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते, तरी मी मोजायचे ठरवले. आत्याला फोनवर काळी चार दाबून धरायला सांगितली आणि दुसऱ्या फोनवरच्या सूर मोजणाऱ्या ॲपने वाचले: २०८ हर्ट्झ. मग तोच स्वर ध्वनिमुद्रणातून वाजवला: २१९.५. म्हणजे साधारण साडेपाच टक्के जास्त, जवळजवळ पूर्ण अर्धा स्वर. आत्याने पट्टीचे नावही बरोबर सांगितले होते, काळी चारच्या लगेच वरची पट्टी पांढरी सहाच. काल रात्री मला जो आवाज इतका टवटवीत वाटला, तो तितका टवटवीत असायचे एक कारण हेही होते की तो वेगाने पळत होता.

यामागे काय असावे याचा विचार करताना लॅमिंग्टन रोडच्या काकांचे वाक्य आठवले. बेल्ट पुलीच्या खाचेत बसतो, तेव्हा त्याच्या जाडीने पुलीचा प्रत्यक्षातला व्यास वाढतो. मोठ्या फ्लायव्हीलला ती वाढ जाणवत नाही, पण मोटरची पुली जेमतेम चार मिलिमीटरची आहे. ०.८ ऐवजी १ मिलिमीटरचा बेल्ट घातला, की मोटरच्या बाजूचा प्रत्यक्ष व्यास चार टक्क्यांच्या आसपास वाढतो, आणि मोटरच्या त्याच फेऱ्यांत फ्लायव्हील अधिक फिरते. हे पडताळण्यासाठी मी घरात जिची कॅसेटही होती आणि सीडीही, अशी एक जुनी मैफल घेतली. सीडीवर बरोबर पाच मिनिटांचा जो तुकडा, त्याला वॉकमनवर २९० सेकंद लागले. दुसऱ्या एका कॅसेटनेही तेवढाच फरक दाखवला. म्हणजे माझा वॉकमन सुमारे साडेतीन टक्के जास्त वेगात होता. पण आत्याचा आवाज साडेपाच टक्के वर होता. उरलेले दोन टक्के कुठून आले?

याचे उत्तर महापुरात गेलेल्या टेपरेकॉर्डरपाशी होते. तो १९९४ मध्येच जुना होता. ध्वनिमुद्रण करताना त्याचा बेल्ट सैल पडून तो दोन टक्के हळू चालत असला, तर त्या फितीवर गाणे थोडे दाटून उतरले असणार, आणि योग्य वेगाच्या कुठल्याही यंत्रावर ते कायम दोन टक्के वरच वाजणार. त्या टेपरेकॉर्डरवर ती कॅसेट वाजवली असती तर चूक चुकीला मिटवून गेली असती, आणि म्हणूनच तेव्हा कोणाच्या लक्षात आले नाही. आता ते यंत्र नाही. त्याच्या वेगाची साक्ष देणारी एकच वस्तू उरली होती, आणि ती आत्याची पेटी. त्या पेटीचे सूर आत्याने १९९४ च्या आधीपासून लावून घेतलेले नव्हते. तिच्या पितळी पट्ट्या तेव्हा जशा बोलत होत्या, तशाच थोड्याफार आजही बोलतात.

वॉकमनच्या बोर्डावर मोटरचा वेग ठरवणारा एक प्रीसेट असतो, स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचा, वाटाण्याहून लहान. तो फिरवून मी आधी सीडीच्या तुकड्याला कॅसेटवर तीनशे सेकंद लागतील असे केले. त्याला सात-आठ प्रयत्न लागले, कारण प्रीसेट नखभर हलला की वेग दोन-तीन टक्क्यांनी उडी मारतो, आणि प्रत्येक प्रयत्नानंतर पुन्हा पाच मिनिटे घड्याळ लावून बसावे लागते. उरलेले दोन टक्के मी संगणकावरही सुधारू शकले असते. तसे अनेकांनी सुचवलेही. पण आकड्यावरून केलेली सुधारणा आणि त्याच पेटीसमोर बसून केलेली सुधारणा यांत मला फरक वाटत होता, आणि आत्याला ते ऐकायचे होते. पुढच्या शुक्रवारी रात्री वॉकमन, लॅपटॉप आणि छोटे स्क्रू ड्रायव्हर घेऊन मी महालक्ष्मी एक्स्प्रेसने सांगलीला निघाले.

शनिवारी दुपारी जेवणे झाल्यावर आत्याने पेटी काढली. भात्याला एका जागी रबराचे ठिगळ आहे, बाकी ती तशीच आहे. वॉकमन झाकण काढून, पोट वर करून, पितळी ताटात ठेवला होता, म्हणजे काही सांडले तर ताटात पडेल. लहान स्पीकर जोडला. पाठाच्या सुरुवातीला आत्या कितीतरी वेळ नुसती काळी चार धरून बसली आहे; ती जागा मी काढून ठेवली होती. कॅसेटमधली पेटी सुरू झाली आणि समोर आत्याने तीच पट्टी दाबली.

दोन स्वर अगदी जवळ असले पण एक नसले, की ते एकमेकांत मिसळताना डुलतात; आवाज मोठा होतो, लहान होतो, पुन्हा मोठा होतो, आणि एका सेकंदात असे जितके हेलकावे, तितक्या हर्ट्झचे त्यांच्यात अंतर. पेटीचे सूर लावणारे कारागीर हेच ऐकत काम करतात. आमच्या खोलीत सेकंदाला चारेक हेलकावे येत होते, थरथर म्हणावी इतके जलद. मी प्रीसेटवर स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि श्वास रोखून किंचित डावीकडे दाबला. थरथर हळू झाली. सेकंदाला तीन, मग दोन. आत्या भाता चालवत होती आणि डोळे मिटून मान हलवत होती, मी थांबले की म्हणायची, “अजून.” फिरवणे म्हणण्यासारखी ती हालचाल नव्हतीच, बोटाचा दाब तेवढा वाढत होता. हेलकावा सेकंदाला एक झाला, मग दोन सेकंदांना एक, आणि मग दोन पेट्यांचा एकच आवाज झाला. पूर्ण स्थिर तो झाला नाही. लहान यंत्राचा वेग कितीही जपला तरी अगदी थोडा खालीवर होत राहतो, त्यामुळे स्वर मधूनच श्वास घेतल्यासारखा हलायचा आणि पुन्हा जागेवर यायचा. पण तो हलून परत येत होता ती जागा काळी चारच होती.

“आता थांब,” आत्या म्हणाली, आणि तिने भाता सोडला. कॅसेटमधली पेटी एकटीच पुढे वाजत राहिली, आणि दोन क्षणांनी कॅसेटमधली आत्या “हं, सा लाव” म्हणाली, डोंबिवलीत ऐकलेल्या आवाजाहून थोड्या जाड, थोड्या सावकाश आवाजात. मला हा आवाज ओळखीचा होता. पहिला, पळणारा आवाजही मी ओळखला होता, पण हा ऐकताना त्या खोलीतली सकाळची जागा, जिन्याकडची खिडकी, मांडी घालून बसल्यावर गुडघ्याला लागणारा पेटीचा कोपरा हे सगळे आठवले.

प्रीसेट पुन्हा हलू नये म्हणून मी त्यावर नेलपॉलिशचा ठिपका दिला. आता या वॉकमनवर बाजारातली कोणतीही कॅसेट दोन टक्के मंद वाजेल, आणि ते तसेच राहू द्यायचे मी ठरवले आहे. इतर गाणी ऐकायला घरात दुसरी साधने आहेत. बेल्टही बदलणार नाही. बारीक बेल्ट मिळाला तर सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागेल. ताजे सेल घातले आणि संपूर्ण अ बाजू सलग लॅपटॉपवर उतरवली, तीस मिनिटे, मध्ये दोनदा कुकरची शिट्टी आणि एकदा रस्त्यावरच्या भाजीवाल्याची हाक यांसह. त्यातला एकही आवाज मी पुसलेला नाही. फाइल तिघांकडे ठेवली: माझ्याकडे, आत्याच्या मुलाकडे आणि एका वेगळ्या हार्ड डिस्कवर.

बाजू संपून बटण खटकन वर आले, तेव्हा आत्याने कॅसेट उलटी करायला सांगितली. कागदावर ब बाजूची ओळ कोरी होती. मी कॅसेट फिरवून आत घातली आणि बटण दाबले. आत्याचा हात पुन्हा भात्याकडे गेला होता, पण स्पीकरमधून नुसती खरखर येत होती, आणि आम्ही दोघी पुढे काही लागते का याची वाट पाहत बसलो.